मनाचे प्रश्न : बॉर्डरलाइन आणि सायकोडायनॅमिक थेरपी

या वेळी निवडलेली पत्रं एकाच विषयावरची आहेत. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे बीपीडी, ठरवताना अमेरिकी निदानपुस्तिकेतल्या ९ लक्षणांपैकी किमान ५ पाहिली जातात : कोणी सोडून जाईल ही जिवापाड भीती, टोकाची नाती, स्वतःबद्दलची डळमळीत प्रतिमा, अविचारी कृती, स्वतःला इजा किंवा आत्महत्येचे प्रयत्न, तासातासाला पालटणारा मूड, रिकामेपण, न आवरणारा राग, आणि ताणाखाली येणारा संशय किंवा बधिरपणा. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे. बीपीडीचं निदान झाल्यावर डॉक्टरांनी सायकोडायनॅमिक थेरपी सुचवली. म्हणजे कोचावर पडून लहानपणाबद्दल बोलत राहायचं ना? मैत्रीण म्हणते, अशाने बॉर्डरलाइन माणूस आणखी बिघडतो.

उत्तर : सायकोडायनॅमिक थेरपी, म्हणजे मनात नकळत चाललेलं बोलण्यातून उलगडणारे उपचार, मनोविश्लेषणातून आली. त्या जुन्या पठडीतल्या मनोविश्लेषणाबद्दल मैत्रिणीचं म्हणणं बरंचसं खरं आहे. रुग्ण आडवा, विश्लेषक त्याच्या नजरेआड. मनात येईल ते बोलायचं आणि पलीकडून बराच वेळ शांतता. ‘हा मला टाकणार’ हीच ज्याची भीती, त्याला ती शांतता कोरी वाटत नाही. कंटाळलाय, वैतागलाय, तिरस्कार करतोय, असे अर्थ तो स्वतःच भरतो. अशा उपचारात काही रुग्ण ढासळतात हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तज्ज्ञांच्या लक्षात आलं होतं, आणि म्हणूनच पद्धत बदलली.

आज बीपीडीसाठी जी सायकोडायनॅमिक थेरपी देतात तिच्यात कोच नसतो. दोघं समोरासमोर बसतात. थेरपिस्ट बोलतात, विचारतात, मध्येच थांबवतात. लहानपणाचा विषय निघतो, पण मुख्य काम चालतं आजच्या नात्यांवर, आणि त्यातही थेरपिस्टशी जुळत-तुटत असलेल्या नात्यावर.

तिच्यातल्या दोन पद्धतींचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे. न्यूयॉर्कमध्ये ओटो कर्नबर्ग आणि सहकाऱ्यांनी घडवलेली ट्रान्सफरन्स फोकस्ड सायकोथेरपी, म्हणजे टीएफपी : आठवड्यातून दोन सत्रं, प्रत्येकी ४५ ते ५० मिनिटं, किमान वर्षभर आणि बहुतेकदा त्याहून जास्त. दुसरी लंडनमध्ये अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांनी विकसित केलेली मेंटलायझेशन बेस्ड ट्रीटमेंट, म्हणजे एमबीटी : आठवड्याला एक वैयक्तिक सत्र आणि ७५ ते ९० मिनिटांचं एक गटसत्र, साधारण १२ ते १८ महिने, त्याआधी आजार समजावून देणारी १०-१२ गटसत्रं. स्वतःच्या आणि इतरांच्या काळ्या-पांढऱ्या तुकड्यांत फुटलेल्या प्रतिमा एकत्र आणणं हे टीएफपीचं लक्ष्य. एमबीटी एका क्षमतेवर काम करते : आपल्या आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधणं, आणि तो अंदाजच आहे हे न विसरणं. भावना तापल्या की बीपीडीत नेमकी हीच क्षमता कोलमडते.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : यांतली कोणती पद्धत, थेरपिस्टनी तिचं प्रशिक्षण घेतलंय का, आणि त्यांच्या कामावर कोणा अनुभवी माणसाची देखरेख आहे का. ‘सगळ्यांतलं थोडंथोडं घेतो’ हे उत्तर इतर त्रासांत चालून जाईल, इथे नाही.

प्रश्न : मुलीच्या थेरपीच्या तीन भेटी झाल्या. तिन्हींत फक्त नियम ठरवले. ती चिडून म्हणते, ‘माझा जीव चाललाय आणि यांना वेळापत्रकाची पडलीय.’ उपचार सुरू कधी होणार?

उत्तर : सुरू झालेत. निदानाच्या मुलाखती झाल्या की टीएफपीत करारासाठी साधारण दोन-तीन भेटी देतात, आणि त्या घाईने उरकणारा थेरपिस्ट पुढे त्याची किंमत मोजतो.

करारात काय असतं? वार आणि वेळ; सत्र वेळेवर संपणार; न येण्याबद्दलचा नियम. मनात आलेलं न गाळता बोलायचं, खोटं बोलायचं नाही. वेळ बदलायला फोन चालेल, पण रात्री समजूत घालण्यासाठी नाही. आत्महत्येचा विचार आला तर तो सत्रात आणायचा. स्वतःला आवरता येणार नाही असं वाटलं तर थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं. इजा झालीच तर आधी वैद्यकीय उपचार, मग थेरपी. दारू, नशा, खाऊन उलट्या काढणं यांतलं काही असेल तर त्याची स्वतंत्र व्यवस्था, गरजेप्रमाणे फिजिशियनकडे वजनाची आणि रक्ताची तपासणी. शिवाय दिवसाचा काही भाग नोकरी, शिक्षण किंवा स्वयंसेवेत जाईल अशी अट. ही शेवटची अट घरच्यांना क्रूर वाटते. पण दिवसभर रिकाम्या खोलीत बसून आठवड्याचे दोन तास थेरपीला येणाऱ्याचं आयुष्य फक्त थेरपीपुरतं उरतं.

थेरपिस्टही बांधील असतात : वेळेवर असणं, सुट्टी आधी सांगणं, गुप्तता पाळणं आणि ती कुठे संपते हे स्पष्ट करणं.

हे सगळं आधी का, ते करार नसला की दिसतं. रात्री दीडला मेसेज येतो, थेरपिस्ट कळवळून फोन करतात. पुढच्या आठवड्यात तीनदा. महिन्याभरात त्यांचा आवाज त्रासिक होतो. मुलीच्या कानाला तो बदल लगेच कळतो, आणि तिचं काही चुकतही नसतं. मग ‘अजून आहात ना?’ हे तपासायला आणखी मोठं संकट उभं राहतं. दोघांच्याही नकळत इजा हा संपर्काचा मार्ग बनतो, आणि शेवटी थेरपिस्ट रुग्णाला ‘झेपत नाही’ म्हणून दुसरीकडे पाठवतात. सोडून जाण्याची भीती पुन्हा एकदा खरी ठरते.

करार करूनही चुका होतातच. छापील नमुना पुढे सरकवला तर तो निरुपयोगी. करार तिच्या इतिहासातून घडवावा लागतो. आधीच्या दोन थेरपी सुट्टीनंतर सुटल्या असतील, तर या वेळी सुट्टीत काय करायचं हे त्यात यायला हवं. दुसरी चूक धमकीची : ‘इजा केलीस तर उपचार बंद.’ अशा वेळी कुठे जायचं, हे सांगणं कराराचं काम आहे. तिसरी आणि सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे ठरलेलं मोडलं आणि थेरपिस्ट भिडेपोटी गप्प राहिले. मोडलेली अट हा पुढच्या सत्राचा पहिला विषय असला पाहिजे.

डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, म्हणजे डीबीटी, ही भावना आवरण्याची कौशल्यं शिकवणारी वेगळी पद्धत. तिच्यात सत्रांच्या मधल्या काळात फोनवर मार्गदर्शन मिळतं, म्हणून कोणी ‘ते किती प्रेमळ’ अशी तुलना करेल. तिथेही फोनचे नियम आधीच ठरलेले असतात. मुलीची चीड मात्र खरी आहे. ती तिने तुमच्यापेक्षा थेरपिस्टना ऐकवावी.

प्रश्न : माझ्या थेरपिस्ट मॅडमनी मी बोलत असताना घड्याळाकडे पाहिलं. तेव्हापासून इतका संताप आहे की जाऊच नये वाटतं. आधी त्या मला देवासारख्या वाटायच्या. हे त्यांना सांगू की गिळून टाकू?

उत्तर : सांगा, आणि पुढच्याच सत्राच्या पहिल्या पाच मिनिटांत. शेवटच्या मिनिटाला बोलून दार ओढून घेण्याचा मोह होईल, पण मग त्यावर काम करायला वेळच उरणार नाही.

नात्यांचे जुने साचे थेरपिस्टशी असलेल्या नात्यात उमटणं, यालाच ट्रान्सफरन्स म्हणतात, आणि टीएफपी त्याच्यावरच उभी आहे. तुमच्या मनात त्या क्षणी एक जोडी जिवंत झाली : एक कंटाळलेली, वरचढ बाई, आणि तिच्यावर ओझं झालेलं लहान मूल, दोघांना बांधणारी भावना अपमानाची. आदल्या आठवड्यातली जोडी अगदी वेगळी होती : सर्व जाणणारी माउली आणि लाडकं लेकरू. दोन्ही खऱ्या वाटतात, पण एकाच वेळी मनात राहत नाहीत. एक आली की दुसरी पुसली जाते. याला स्प्लिटिंग म्हणतात, आणि ‘मी नक्की कोण’ हा गोंधळही याच फुटीतून येतो.

मॅडम साधारण तीन पायऱ्यांनी जातील. आधी स्पष्ट करून घेतील : ‘मी घड्याळ पाहिलं तेव्हा मी काय विचार करत असेन असं वाटलं?’ मग विसंगती समोर ठेवतील : ‘मागच्या आठवड्यात मी तुम्हाला सर्वांत जवळची वाटत होते, आज निर्दय. दोन्ही चित्रं माझीच आहेत. याचं काय करायचं?’ यात आरोप नसतो. दोन तुकडे शेजारी मांडलेले असतात. अर्थ त्यानंतर, तोही प्रश्नासारखा : ‘मला चांगली मानलं आणि मी सोडून गेले तर ते सोसणार नाही, म्हणून आधीच वाईट ठरवणं सोपं जातं का?’

आणखी एक गोष्ट घडेल. तुम्ही त्यांना फैलावर घ्याल तेव्हा भूमिका उलटतील. कठोर तुम्ही, आणि खुर्चीत आकसलेलं मूल त्या. मिनिटाभरात हे फिरू शकतं. चांगला थेरपिस्ट ते तीन वाटांनी टिपतो : शब्दांतून, चेहऱ्या-आवाजातून, आणि स्वतःच्या पोटात पडलेल्या खड्ड्यातून.

एमबीटीचे थेरपिस्ट हाच प्रसंग वेगळा हाताळतील. संताप चढलेला असताना अर्थ सांगितला तर तो हल्ला वाटतो, म्हणून आधी तापमान उतरवायचं. ‘थांबू या. मी घड्याळ पाहिलं, ते खरं आहे, आणि तुम्हाला लागलं यात माझा वाटा आहे.’ मग प्रसंग मागे नेऊन क्षणाक्षणाने पाहायचा : त्याआधी काय बोलत होतो, काय वाटलं, माझ्या पाहण्याची आणखी कोणती कारणं असू शकतील. तुमचा अंदाज चूक ठरवणं हा त्यामागचा उद्देश नाही. शक्यता एकाहून जास्त असतात, इतकं पुन्हा दिसलं तरी काम झालं.

‘तुमचा गैरसमज झाला’ म्हणून विषय बदलणं ही वाईट प्रतिक्रिया. अपराधी वाटून पंधरा मिनिटं वाढवून देणं तितकंच वाईट. आणि ‘हा खरं तर तुमच्या आईवरचा राग’ असं पटकन सुनावणं हे अर्धवट प्रशिक्षणाचं लक्षण. या वाक्याने थेरपिस्टची सुटका होते, रुग्णाची नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. थेरपिस्ट पैसे उसने मागत असतील, स्पर्श करत असतील, बाहेर भेटायला बोलवत असतील किंवा स्वतःची दुःखं तुमच्यापुढे मांडत असतील, तर त्याला ट्रान्सफरन्स म्हणत नाहीत. ते गैरवर्तन आहे. तिथे चर्चा नको. थांबा आणि तक्रार करा.

प्रश्न : बीपीडीवर औषध नाही का? बहिणीला चार प्रकारच्या गोळ्या चालू आहेत.

उत्तर : खास बीपीडीसाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने आजवर एकही औषध मंजूर केलेलं नाही, आणि ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनाही बीपीडीवरचा उपचार म्हणून औषध वापरू नये असंच सांगतात. मूड स्थिर राहावा म्हणून सर्रास दिलं जाणारं लॅमोट्रिजिन ब्रिटनमधल्या २७६ रुग्णांच्या चाचणीत वर्षभरानंतरही औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. सोबत नैराश्य किंवा दुसरा आजार असेल तर त्याचं औषध लागतंच. अल्प्राझोलामसारख्या शामक गोळ्यांबाबत विशेष जपा. बीपीडीत त्यांनी आवर सुटू शकतो, आणि सवयीचा धोका वेगळाच. कोणतीही गोळी मनाने बंद करू नका. औषध देणारे आणि थेरपी देणारे वेगळे असतील तर त्यांचं आपसात बोलणं हवं. नाहीतर एक चांगला आणि एक वाईट अशी वाटणी होते, आणि प्रत्येक वादळानंतर एक गोळी वाढते. चारचा आकडा बहुतेकदा असाच तयार होतो.

प्रश्न : मी प्रशिक्षणार्थी समुपदेशक आहे. एक रुग्ण आठ महिने येतेय. अटॅचमेंट, ट्रॉमा, सगळे शब्द तिला पाठ. स्वतःचं विश्लेषण सुरेख करते. सत्रं छान होतात, पण बाहेर ना नोकरी, ना इजा थांबलेली. चुकतंय कुठे?

उत्तर : ‘सत्रं छान होतात’ इथेच. एमबीटीत याला प्रिटेंड मोड म्हणतात : शब्द भरपूर, पण भावनेशी गाठ सुटलेली. ओळखायची खूण तुमच्याकडेच आहे : तुम्हाला सत्रात कधी धक्का बसत नाही, आणि डोळे किंचित जड होतात. अशा वेळी कौतुकाने माना डोलावणं म्हणजे त्याच खेळात सामील होणं. अडवा आणि तपशिलात उतरा. ‘मंगळवारी इजा केली. त्याआधीचा अर्धा तास सांगा. कुठे बसला होतात? कोणाशी बोलणं झालं? पहिल्यांदा अंग कधी तापलं?’ तिला कंटाळा येईल, कदाचित राग येईल. तो रागच आठ महिन्यांतली पहिली खरी गोष्ट असू शकेल.

आणखी दोन अवस्था ओळखायला शिका, कारण प्रत्येकीचं उत्तर वेगळं आहे. ‘मला वाटतं म्हणजे तसंच आहे’ ही सायकिक इक्विव्हॅलन्सची अवस्था. तिथे पुराव्यांनी वाद घालू नका. आधी त्या भावनेसोबत थांबा, मग हळूच दुसरी शक्यता. ‘करून दाखवा तरच मानेन’, म्हणजे जादा सत्र द्या, मिठी मारा, ही टेलिऑलॉजिकल अवस्था. तिथे मागणी लगेच पुरी करायची नाही आणि झिडकारायचीही नाही. ती इतकी तातडीची का झाली, हे बोलायचं.

टीएफपीतून एक शिस्त उचला : प्रत्येक सत्रात विषयांचा अग्रक्रम. जिवाला धोका सर्वांत आधी, मग थेरपी तुटण्याची चिन्हं, मग लपवाछपवी, मग करारभंग. तुमच्या रुग्णाकडे पहिला आणि बहुधा चौथा विषय आठ महिने पडून आहे, आणि तुम्ही दोघं बालपणावर बोलताय. करारच झाला नसेल तर काम थांबवून तो आता करा. उशिरा झालेला करारही चालतो. रुग्णाच्या लेखी संमतीने सत्रं ध्वनिमुद्रित करून देखरेख करणाऱ्यांना ऐकवा. आठवणीतून सांगितलेलं सत्र नेहमीच जरा बरं वाटतं.

प्रश्न : पत्नीचे थेरपिस्ट मला काही सांगत नाहीत. मी नवरा आहे, मला कळायला नको?

उत्तर : सत्रात काय बोलणं झालं, ते नको. संकटात काय करायचं, ते हवंच. पत्नीच्या संमतीने एक संयुक्त भेट मागा आणि संकट-योजना लेखी घ्या : धोक्याच्या खुणा, त्या दिसल्यावर तिने काय करायचं, तुम्ही काय करायचं, कोणत्या रुग्णालयात जायचं. तुम्ही थेरपिस्टना काही कळवू शकता, पण ‘तिला सांगू नका’ असं म्हणू नका. कळवलेलं ते तिच्यासमोर मांडतीलच. तिच्या पाठीमागे दोघांचं गूळपीठ झालं की थेरपी संपली.

घरी ‘आज काय बोललीस?’ विचारू नका. भांडण तापलं तर ‘वीस मिनिटांनी परत येतो’ म्हणून उठा, आणि वीस मिनिटांनी खरोखर परत या. पहिले काही महिने घरात वादळं वाढल्यासारखी वाटू शकतात. ती मरणाबद्दल बोलली तर ‘नेहमीचंच आहे’ असं कधीही धरू नका : एकटी सोडू नका, धोक्याच्या वस्तू दूर करा, तातडीची वैद्यकीय मदत घ्या.

प्रश्न : डीबीटी चांगली की सायकोडायनॅमिक?

उत्तर : २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९० रुग्णांच्या अभ्यासात टीएफपी, डीबीटी आणि आधार देणारी सायकोडायनॅमिक थेरपी यांची वर्षभर तुलना झाली. तिन्हींत रुग्ण सुधारले. आत्महत्येच्या प्रवृत्तीत टीएफपी आणि डीबीटी दोन्हींचा उपयोग दिसला, राग आणि अविचारीपणाचे काही पैलू यांत टीएफपी आणि आधार देणाऱ्या थेरपीचा. २०१० च्या जर्मन-ऑस्ट्रियन अभ्यासात १०४ स्त्रिया होत्या. टीएफपी वर्षभराच्या आत सोडणाऱ्या ३८.५ टक्के, आणि अनुभवी पण इतर पद्धतींच्या थेरपिस्टकडे गेलेल्यांत ६७.३ टक्के. उलट २००६ मधल्या डच अभ्यासात तीन वर्षांनंतर स्कीमा थेरपी, म्हणजे लहानपणापासून घट्ट झालेले समजुतींचे साचे बदलणारी पद्धत, टीएफपीच्या पुढे होती. एमबीटीच्या पहिल्या रुग्णांना आठ वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा १३ टक्क्यांतच बीपीडीचे निकष पुरे होत होते, नेहमीचे उपचार घेतलेल्यांत ८७ टक्क्यांत. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण रुग्ण होते फक्त ४१, आणि उपचार खूप सघन होता. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यातल्या ७५ चाचण्यांत सर्वाधिक अभ्यास डीबीटी आणि एमबीटीचाच झालेला दिसतो.

आमचं मत : दर आठवड्याला इजा होत असेल तर आवरण्याची कौशल्यं थेट शिकवणारी डीबीटी आधी घ्यावी. इजा थांबलीय पण प्रत्येक नातं त्याच वळणावर तुटतंय, ‘मी कोण’ हे कळत नाही, असं असेल तर सायकोडायनॅमिक. तीन महिन्यांहून कमी मुदतीची कोणतीही थेरपी बीपीडीसाठी घेऊ नये. नाइसच्या सूचना हेच सांगतात.

प्रश्न : दीड वर्षात मी बरीच सावरले. आता थेरपिस्ट म्हणतात, सहा महिन्यांनी थांबू. ऐकल्यापासून जुनं सगळं परत आलंय. थांबणं पुढे ढकलायला सांगू का?

उत्तर : तारीख हलवू नका. शेवट जाहीर झाला की लक्षणं डोकं वर काढतात, आणि ते अपेक्षितच आहे. सहा महिने आधी सांगण्याचं कारणही तेच. हलवली, तर ‘बिघडलं की माणसं थांबतात’ हा जुना धडा पक्का होईल. आधी प्रत्येक सुट्टीत तुम्हाला काय झालं होतं आणि सुट्टी संपल्यावर ते कसं निवळलं, हे दोघांनी मिळून पुन्हा पाहा. थेरपिस्टचा राग येईल, आपणच आधी सोडून जावं असं वाटेल. एखादं सत्र चुकवाल. चुकलंच, तर पुढच्या सत्रात तोच विषय.

अमेरिकेतल्या २९० रुग्णांच्या दीर्घ अभ्यासात दहा वर्षांत ९३ टक्के रुग्णांची लक्षणं किमान दोन वर्षं टिकेल इतकी ओसरली होती. पण लक्षणांबरोबर नोकरी आणि नातीही नीट लागलेले मात्र निम्मेच. म्हणून उरलेल्या सहा महिन्यांतला मोठा भाग त्या दोन गोष्टींना द्या : कामावर वरिष्ठांनी टोकल्यावर काय होतं, मैत्रिणीने उत्तर दिलं नाही की रात्र कशी जाते. शेवटच्या सत्रानंतर पाठपुराव्याच्या भेटी असतील का, किती अंतराने, आणि पुन्हा गरज पडली तर किती वाट पाहून कोणाशी संपर्क साधायचा, हे आताच विचारून संकट-योजनेच्या कागदावर लिहून घ्या.